फोरमनचा पांढरा रुमाल

फोरमनला धुराचा राग होता. राग म्हणजे असातसा नव्हे, सरळ माणसाला खोट्या बोलण्याचा असतो तसा. बसच्या वर्कशॉपात त्याचा अख्खा जन्म गेला, आणि त्या जन्मात एक नेम त्याने कधी मोडला नाही. गाडी दुरुस्त होऊन फाटकाशी आली की हा खिशातला पांढरा रुमाल काढायचा, घडी उलगडायचा, मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा आणि ड्रायव्हरला ओरडायचा, "दे रेस!" रुमाल पांढरा राहिला तर गाडी बाहेर. काळा पडला तर गाडी परत आत, आणि ज्या फिटरने ती जोडली त्याची त्या दिवशी धडगत नसे.

"धूर म्हणजे इंजिनाचा खोकला," तो म्हणायचा. "खोकणाऱ्याला कुणी प्रवासाला धाडतं का रे?"

नोकरी संपली, तरी रुमाल खिशात राहिला. बायको म्हणायची, "आता कुणाच्या मागे जाऊन धरणार आहात तो? माझ्या कुकरच्या?"

फोरमन हसून सोडून द्यायचा. बायकोच्या जिभेला धार होती, पण त्या धारेने कधी कुणाचं रक्त निघालं नव्हतं.

या दोघांना एकच लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आता देवाची करणी बघा, ज्याला दाराआड ठेवावंसं वाटतं त्यालाच तो पंख देतो. भिंगरी शिकली, मोठी झाली आणि समुद्रापलीकडे दूर एका गावी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बनवायच्या कारखान्यात लागली. तिची खोली रिकामी झाली. पलंगावरची चादर आठवड्याला बदलायची मात्र बायको विसरली नाही. कुणी झोपत नव्हतं, तरी बदलायची.

त्या खोलीतल्या कपाटावर, जुन्या उशीच्या अभ्र्याखाली, भिंगरीचा ट्रक होता.

हातभर लांबीचा ट्रक. त्याला खेळणं म्हटलं तर भिंगरी भांडायला उठायची. कारण त्याच्या पोटात खरं इंजिन होतं, लिंबाएवढं. दोरी ओढून ते सुरू करायचं, नायट्रोचं उग्र वासाचं इंधन बाटलीने पाजायचं आणि हातातल्या रिमोटने पळवायचं. कॉलेजात असताना दर रविवारी सकाळी ती तो ट्रक घेऊन जुन्या गोदामामागच्या मैदानावर जायची आणि फोरमन इंधनाची बाटली घेऊन मागे. चालवायचा तिने. उलटला की धापा टाकत पळत जाऊन सुलटा करायचा याने. ट्रकच्या मागे निळसर धुराची एक रेघ उठायची, आणि ती रेघ दिसली की फोरमनचं तोंड वाकडं व्हायचं.

"तुझ्या गाडीला खोकला झालाय गं."

"तिचं असंच असतं, बाबा."

"असंच काही नसतं. माझ्याकडे दे एक दिवस. बरी करून देतो."

"हात लावायचा नाही!" भिंगरी रिमोट छातीशी धरायची. "तुमच्या बसेस तुम्ही बघा."

त्याने हात लावला नाही. आणि मग ती गेली. घाईघाईत गेली, आणि ट्रक जसा होता तसा कपाटावर चढला.

एका रविवारी फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी येतेय. सुट्टी थोडीच आहे. पण गाडी एकदा फिरवू या का? मैदान आहे ना अजून? एकदाच."

फोरमनने "बघू की" म्हणून फोन ठेवला. पण ते 'एकदाच' त्याच्या काळजात खिळ्यासारखं रुतून बसलं. वर्षानुवर्षं तिने काही मागितलं नव्हतं. पैसा नाही, दागिना नाही, की मी एकटी आहे, या म्हणून हाक नाही. मागितलं ते एवढं. आता एवढंही देता आलं नाही तर बाप कशाला म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रक खाली काढला, पुसला, दोरी ओढली. दोरी हलेना. जोर केला तर दोरीच हातात यायची वेळ. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने इंजिन उघडलं, तर आत गंज. राहिलेलं इंधन आतल्या आत ओलावा ओढत बसलं होतं आणि बेअरिंग विटकरी झालं होतं.

"काय झालं हो?" बायकोने मान पुढे करून विचारलं.

"वापर नसला की असं होतं."

"माणसाचंही तसंच होतं," ती म्हणाली. "उठा, जेवायचंय. ते इंजिन ताटातून उचला."

असल्या गाड्यांचे पार्ट विकणारं एक बारकं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार तिशीचा, दाढीवाला, तोंडाने गोड. त्याने जुनं इंजिन हातात घेऊन फिरवलं.

"काका, हे आता बनत नाही. याच्या वरचं मोठं इंजिन आहे, खालचा माउंट बदलला की बसेल. मुलाची गाडी का?"

"मुलीची."

"मग तर मोठंच टाका!" तो हसला. "पण एक सांगतो, इंजिन मोठं केलंत की बाकीचंही बदलावं लागेल. बैलाच्या जोडीला शेळीचं जू चालत नाही. आणि काका, इंधनाची सुई जरा मोकळीच ठेवा हं. धूर भरपूर निघू दे. निळा धूर निघत राहिला पाहिजे."

फोरमनने मान डोलावली, पण ते शब्द एका कानाने आत आले आणि दुसऱ्या कानाने दुकानाबाहेर पडेपर्यंत निघूनही गेले. ज्याने जन्मभर अजस्र इंजिनं मांडीवर घेऊन निजवली आणि उठवली, त्याला खेळणी विकणाऱ्याने धूर शिकवावा? धूर 'भरपूर'! त्याने मनातल्या मनात त्या पोराला एक गाडी परत आत घ्यायला लावली.

मग सुरू झालं रामायण. नवीन इंजिन माउंटवर बसलं, दोरी ओढताच खणखणीत सुरू झालं. फोरमनने रिमोटची कळ जरा दाबली मात्र, पोटातून करकर आवाज आला आणि चाकं जागच्या जागी थांबली. इंजिनाच्या बाजूचा मोठा गिअर प्लॅस्टिकचा होता. नव्या इंजिनाने त्याची बत्तिशी पाडली होती.

पोलादी गिअर आणला. त्याने जोर झेलला आणि पुढे ढकलला. तो जोर मागच्या डिफ्रन्शियलला, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटून देणाऱ्या गोळ्याला झेपेना. तो फुटला. धातूचा आणला. आता जोर चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट पिळवटला, ओल्या फडक्यासारखा.

"मला वाटलं तुम्ही एक इंजिन बदलणार," बायको म्हणाली. "तुम्ही तर गाडीच्या पोटात नवी गाडी भरताय."

"एकाचं बळ वाढवलं की पुढच्याची हाडं मोडतात. शेवटच्या चाकापर्यंत सगळ्यांना तेवढंच घट्ट करावं लागतं."

"लेकीला बाहेर पाठवलं तेव्हा कळलं असतं हे, तर आपलीही हाडं बदलून घेतली असती," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. आत भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

गिअर बसवताना फोरमनने वर्कशॉपातली आपली जुनी रीत वापरली. बसच्या तिकिटाचा कागद घेतला, लहान आणि मोठ्या गिअरच्या दातांमध्ये घातला, इंजिन अलगद पुढे सरकवून कागद दाबला जाईल इतपत टेकवलं, बोल्ट आवळले आणि मग चाक फिरवून कागद बाहेर काढला. कागदावर दातांची नक्षी उठली होती, पण फाटला कुठे नव्हता. दोन गिअरांत राहायला हवं ते अंतर तेवढंच. घट्ट बसवलं तर दोघंही झिजतात, सैल सोडलं तर दात मोडतात. हे त्याने किती पोरांना शिकवलं होतं! आणि भिंगरीलाही, ती टेबलाएवढी असताना. तिकीट तिलाच धरायला द्यायचा.

भिंगरी यायच्या आदल्या सकाळी ट्रक तयार झाला. इंजिन, क्लच, गिअर, डिफ्रन्शियल, शाफ्ट, सगळं नवं. वरचं निळं छप्पर तेवढं जुनं, ओरखड्यांचं. फोरमन एकटाच मैदानावर गेला. त्याला वाटलं, उद्या तिच्या हातात रिमोट द्यायचा तो अशा गाडीचा की तिने म्हणावं, बाबा, कधी केलंत हे?

दोरी ओढली. इंजिन तडतडलं आणि जिवंत झालं. ट्रक सुटला तो बाणासारखा. अहाहा, काय पळाला! जुन्याची सर नव्हती त्याला. पण मागे ती निळी रेघ. लांबच लांब, ढळढळीत.

फोरमनने ट्रक जवळ घेतला, मागचं पोट दगडावर टेकवून चाकं अधांतरी ठेवली आणि खिशातून रुमाल काढला. घडी उलगडली, पाइपच्या तोंडाशी धरली. रुमालावर तेलाचा ओला पिवळट डाग पडला. "खोकला," तो पुटपुटला. इंधन सोडणारी सुई त्याने बारक्या स्क्रू ड्रायव्हरने थोडी आत फिरवली. धूर कमी झाला. आवाज बारीक, उंच झाला. पुन्हा रुमाल. डाग फिका. आणखी थोडी आत. इंजिन आता किंचाळत होतं, पण फोरमनच्या कानाला ते गाणं वाटत होतं. आणखी केसभर आत. रुमालाची कोरी बाजू धरली. पांढरी! पार स्वच्छ पांढरी!

त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. कण्हलं नाही, की अडखळलं नाही. 'टिक' झालं आणि संपलं.

त्याने दोरी ओढली. दोरी दगडात चिणल्यासारखी.

कितीतरी वेळ फोरमन मैदानात उकिडवा बसून राहिला. एका हातात पांढरा रुमाल, पुढ्यात गरम धातूचा वास. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, माणूस कुणाच्या तरी उशाशी बसलाय.

भिंगरी आली. आईच्या गळ्यात पडली, बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं, घरभर भिरभिरली. केस कापलेले, बोलण्यात परक्या हवेचा एक थंड सूर, पण हसणं तेच. चहा पिता पिता म्हणाली, "गाडी?"

"आधी दम खा," फोरमन म्हणाला. "उद्या बघू."

उद्या मावशी आली. परवा शेजारचे. दोन दिवस फोरमन कपाटाच्या वाटेलाच गेला नाही. बायकोने स्वयंपाकघरात कोपऱ्यात गाठून दटावलं, "सांगा की तिला. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे काय फिरताय?"

सांगायची वेळच आली नाही. भिंगरीने आपण होऊन स्टूल घेतलं आणि ट्रक खाली काढला. छप्पर उचललं आणि किंचाळली.

"बाबा! हे मोठं इंजिन! मी त्या वेळी याचंच चित्र भिंतीला लावलं होतं! आणि पोलादी गिअर? अहो, डिफ्रन्शियलसुद्धा? शाफ्ट! आई, बघितलंस का यांनी काय केलंय?"

"बघितलंय," आई म्हणाली. "माझ्याच टेबलावर केलंय."

भिंगरीने दोरीला हात घातला. ओढली. दोरी हलली नाही. तिने बापाकडे पाहिलं.

"चालवलंत?"

"चालवलं."

"मग?"

फोरमन खिडकीकडे बघत म्हणाला, "रुमाल पांढरा राहिला."

एवढ्या एका वाक्यात भिंगरीला सगळं कळलं. तो रुमाल बघतच ती वाढली होती. ती आधी हसली. हसता हसता स्टूलावरून उतरून जमिनीवर बसली. मग बापाचा चेहरा दिसला आणि तिचं हसू मावळलं.

"चला," ती म्हणाली. "उघडू या."

पुन्हा टेबलावर वर्तमानपत्र आलं. आईने ताटं उचलली. बापलेक समोरासमोर बसली. भिंगरीने हात पुढे केला की फोरमन न विचारता नेमका पाना तिच्या तळव्यावर ठेवायचा. पूर्वी हे उलटं असायचं. पिस्टन बाहेर आला. बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्या अंगावर उभे राखाडी ओरखडे, मांजराने काढल्यासारखे.

"बाबा, बसच्या इंजिनात तेल कुठे असतं?"

"खाली. चेंबरमध्ये."

"याला चेंबर कुठाय?"

फोरमनने इंजिन उलटंपालटं केलं. खाली काहीच नव्हतं.

"याचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं," ती हळू म्हणाली. "इंधन आत येतं तेव्हाच तेलही येतं. धूर दिसतो तो त्या तेलाचा. तुम्ही सुई मिटवलीत, धूर गेला. धुराबरोबर तेलही गेलं."

"स्कूटरीही असाच धूर ओकायच्या," फोरमन म्हणाला. "मला वाटायचं मालक आळशी." त्याने पिस्टन उचलून उजेडात धरला. "म्हणजे त्या वेळी तुझी गाडी आजारी नव्हती?"

"ठणठणीत होती. तुम्हीच डॉक्टर होऊन तिच्या मागे लागला होतात."

बायको दारातून म्हणाली, "आणि डॉक्टरांनी शेवटी रोगी मारलाच."

तिघंही हसली. पण फोरमनचं हसू ओठांवरच राहिलं. दुकानदाराला फोन केला. पिस्टन आणि तो ज्यात सरकतो तो लायनर बाहेरून मागवावा लागेल, म्हणाला. यायला वेळ लागेल. भिंगरीचं परतीचं विमान त्याच्या कितीतरी आधी होतं.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."

आता 'पुढच्या वेळी' हा शब्द मोठा मायावी आहे. घरातून दूर जाणारा प्रत्येकजण तो उंबऱ्यावर ठेवून जातो, आणि मागे राहिलेले रोज त्याला झाडून पुसून परत तिथंच ठेवतात. देवाचं नाव घेणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नसतं की देव कधी येईल. तरी तो दिवा लावतोच.

उरलेल्या वेळात तिने गिअर पुन्हा जुळवून बघितले. तिकीट लागलं तेव्हा आपल्याच पाकिटातून, येताना विमानतळावरून घेतलेल्या बसचं तिकीट काढून दातांमध्ये घातलं. काम करता करता म्हणाली, "तिकडे सगळं मुकं आहे, बाबा. आमच्या गाड्या निघतात तेव्हा सावली सरकल्यासारखं वाटतं. धूर नाही, आवाज नाही, वास नाही. तुम्हाला फार आवडेल."

"मग चांगलंच की."

"चांगलंच आहे." तिने चाक फिरवलं आणि तिकीट अलगद बाहेर आलं. "पण रविवारी जाग आली की क्षणभर मी कान देऊन पडते. कशाला ते मलाच कळत नाही. मग आठवतं."

नक्षी उठलेलं ते तिकीट फोरमनने उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

निघताना, सामान टॅक्सीत चढल्यावर तिने खिडकीची काच खाली केली. "पार्ट आला की एकट्याने दोरी ओढायची नाही. शपथ आहे. मला फोन लावायचा. मी ऐकणार."

"फोनवरून इंजिन ऐकणार?"

"तुम्ही नाही का चार रस्त्यांपलीकडच्या बसचा पंप आवाजावरून ओळखायचात?"

टॅक्सी वळली. बायको म्हणाली, "चला आत." दोघंही बराच वेळ आत गेली नाहीत.

पार्ट आला. फोरमनने नवा पिस्टन बसवला आणि सुई भिंगरीने सांगितल्याप्रमाणे चांगली मोकळी ठेवली. रविवारी सकाळी तो आणि बायको मैदानावर गेले. बायकोला फोन धरायला नेलं होतं. तिने एका हाताने फोन लांब धरला आणि दुसऱ्या हाताने नाक.

"ऐकतेयस ना गं?" फोरमन ओरडला.

"बाबा, ओरडू नका, फोन आहे," तिकडून भिंगरी म्हणाली. तिच्याकडे तेव्हा रविवारची संध्याकाळ होती. "ओढा."

दोरी ओढली. खोल, जाडसर, अडखळत्या सुरात इंजिन बोलू लागलं, आणि मागून निळा धूर भसाभस बाहेर आला. फोरमनचा हात सवयीने खिशाकडे गेला. बायकोने डोळे वटारले. हात परत आला.

फोनमधून काहीच आवाज आला नाही.

"भिंगरे? गेली वाटतं लाइन."

"आहे," ती म्हणाली. आवाज ओला होता. "आहे मी. बोलू नका जरा."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "हं. आता डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. इंजिनाच्या डोक्यावर! आईच्या नाही."

"टाकला."

"उडाला की नाचतोय?"

"नाचतोय. सावकाश चाललाय."

"मग ठीक, फार तापलं नाही. हळूहळू फिरवा. जोरात पळवायचा नाही. नवीन पिस्टन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. टाकी संपली की थंड होऊ द्या. पुढच्या रविवारी सुई जराशीच आत घेऊ."

आणि पुढचा रविवार आला. त्याच्या पुढचाही. टाकीमागून टाकी इंधन जळालं. भिंगरी कान लावून ऐकायची, कारखान्यातल्या गोष्टी सांगायची, नव्या साहेबाची नक्कल करायची, आईला भाजी काय केलीस ते विचारायची, आणि मध्येच म्हणायची, "थांबा, थांबा, आता वळला ना? कळलं मला." घरी फोन यायचा तेव्हा सगळे कसे आहात, ठीक, जेवलात का, जेवलो, एवढंच होऊन संपायचं. इथे मैदानात गप्पा टाकी संपेपर्यंत चालायच्या, आणि टाकी संपली की फोरमन दुसरी भरायचा.

बायको साधी दिसायची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. एका रविवारी परतताना तिने विचारलं, "अहो, खरं सांगा. ते इंजिन सेट झालंय ना?"

फोरमन ट्रक बगलेत मारून चालत राहिला.

"मला इंजिनातलं कळत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही दर वेळी ती सुई जरा आत घेता, आणि फोन ठेवला की परत बाहेर काढता. मला दिसतं."

"अजून थोडं बाकी आहे."

"किती?"

फोरमनने ट्रक दुसऱ्या बगलेत घेतला. काय सांगणार? ज्याने जन्मभर एकही गाडी गरजेपेक्षा एक तास जास्त आत ठेवली नाही, तो आता लिंबाएवढ्या इंजिनाला फाटकाबाहेर सोडायला तयार नव्हता.

बायकोने विषय वाढवला नाही. तिच्याही ओटीत एक गुपित होतं. मागेच एकदा दुपारी, फोरमन झोपलेला असताना, भिंगरी तिला फोनवर म्हणाली होती, "आई, इंजिन केव्हाच सेट झालंय. आवाजावरून कळतं गं मला. बाबांना बोलू नकोस." आणि आईने "मला काय करायचंय तुमच्या इंजिनाचं" म्हणून फोन ठेवला होता, आणि त्या दिवशी लेकीच्या पलंगावरची चादर आठवडा व्हायच्या आतच बदलली होती.

पुढच्या रविवारी हवा स्वच्छ होती. बायकोने नाक धरणं आता सोडलं होतं. फोरमनने दोरी ओढली, ट्रक सुटला, मैदानाच्या कडेकडेने लांब गेला.

"कसा आवाज आहे?" फोरमनने विचारलं.



"अजून जरा जाड आहे," भिंगरी म्हणाली. "घाई नको, बाबा."

"मीही तेच म्हणतो."

बायको दोघांच्या मध्ये फोन धरून उभी होती. तिने आभाळाकडे पाहिलं.

ट्रक गोदामाच्या भिंतीपाशी पोहोचला. तिथवर तो कधी गेला नव्हता. फोनमधला आवाज बारीक झाला असावा, कारण भिंगरी एकदम म्हणाली, "बाबा, किती लांब नेलात? दिसतोय का अजून?"

फोरमनने डोळ्यांवर हात धरला. निळं छप्पर दिसत नव्हतं. चाकं दिसत नव्हती. भिंतीच्या राखाडी रंगात एवढासा ट्रक विरून गेला होता. पण त्याच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर, निळी रेघ हलत होती.

"गाडी दिसत नाही," तो म्हणाला. "पण धूर दिसतोय."

"मग चालवत राहा," ती म्हणाली.

फोरमनने रिमोट थोडा फिरवला. लांबवर ती रेघ वळली, आणि सावकाश घराच्या बाजूला येऊ लागली.